ते डोहाळे नव्हते

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत मला धाप लागली तेव्हा आठवा महिना चालू होता. होम मैदानावर दहा पावलं टाकली की बसावंसं वाटायचं. सासूबाई म्हणाल्या, "जड अंगानं दम लागायचाच." पाटीवरची पेन्सिल तर मी चौथ्या महिन्यापासून खात होते. सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, मधूनच एक तुकडा तोंडात टाकायचा. घरच्यांना ते डोहाळे वाटले, मलाही. माती, पेन्सिल, बर्फ खावासा वाटणं हे अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, हे फार उशिरा कळलं.

संक्रांतीनंतर रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ६.४. गरोदरपणी ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. त्याच दिवशी दाखल केलं, रक्त चढवलं. जन्मली तेव्हा मुलगी दोन किलोचीही भरली नाही.

लोहाची लाल गोळी मी रोज घेत होते, म्हणून मला पटेचना. सिस्टरनी विचारलं, "कशासोबत?" सकाळच्या चहासोबत. वर कॅल्शियमची गोळीही त्याच घोटाबरोबर. दोन्हींमुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळ्या हातात ठेवताना हे कुणी सांगितलं नव्हतं, याचा राग अजून आहे.

म्हणून सांगते. लाल गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा तासभर आधीही नको, नंतरही नको. कॅल्शियम दुसऱ्या वेळेला. मळमळलं तर रात्री जेवून घ्या, पण सोडू नका. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून माझ्या जावेनं गोळ्या फेकल्या होत्या. ते लोहामुळेच होतं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आपल्याकडे असतेच, सोबत पालेभाजी आणि लिंबाची फोड हवी. पण रक्त एकदा उतरलं की नुसत्या खाण्यावर भागत नाही. महिन्याभरानं पुन्हा तपासा, आकडा वाढला नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. बाळंतपणानंतरही १८० दिवस गोळी चालूच ठेवायची असते. बाळ हातात आलं की आपण हेच आधी विसरतो.

परवा शेजारची सून माझ्या मुलीकडं पेन्सिल मागायला आली. पाचवा महिना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथं मी तिला घेऊन गेले. ८.९ निघालं. अजून चार महिने हातात आहेत.