न्यूयॉर्कमधील पंगत : एलजीबीटी परिषदेस जाणाऱ्या प्रतिनिधींसाठी भोजन व रात्रजीवनाचा परिचय

परगावी गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न उतरायचे कोठे हा असतो आणि दुसरा जेवायचे कोठे हा. समलिंगी, उभयलैंगिक व पारलिंगी व्यक्तींच्या, म्हणजेच ज्यांना थोडक्यात एलजीबीटी म्हटले जाते त्यांच्या परिषदेसाठी जाणाऱ्या प्रतिनिधीपुढे तिसराही एक प्रश्न उभा राहतो : ज्या ठिकाणी आपण बसू, तेथे आपल्याला माणूस म्हणून वागविले जाईल काय? आपल्याकडील शिक्षक, आरोग्यसेवक, समाजकार्यकर्ते व अधिकारी यांना अशा परिषदांस जाण्याचा योग येऊ शकतो. अशा प्रवाशांस उपयोगी पडेल आणि जे घरीच आहेत त्यांनाही काही विचार करावयास लावील, या हेतूने न्यूयॉर्क या एका शहराचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे. न्यूयॉर्कच निवडण्याचे कारण असे की, तेथे उपाहारगृहातील टेबल आणि मद्यगृहातील पेला यांवरूनच या समाजाच्या हक्कांचा लढा मोठ्या प्रमाणावर लढला गेला.

पार्श्वभूमी : एका पेल्याचा इतिहास

१९६० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील मद्यगृहांचे परवाने राज्य मद्य प्राधिकरणाच्या हाती होते. परवानाधारकाने आपली जागा ‘बेशिस्त’ होऊ देऊ नये, असा नियम होता. शब्द साधा दिसतो. परंतु समलिंगी ग्राहक एकत्र बसणे हीच बेशिस्त, असा त्याचा अर्थ व्यवहारात लावला जाई. परिणामी परवाना जाण्याच्या भयाने मालक अशा ग्राहकांस पेय देण्याचे नाकारीत.

२१ एप्रिल १९६६ रोजी मॅटाशीन सोसायटी या संस्थेचे डिक लाइच, क्रेग रॉडवेल व जॉन टिमन्स हे तिघे कोट व टाय घालून, वार्ताहरांस बरोबर घेऊन निघाले. प्रत्येक मद्यगृहात शिरावयाचे, आपण समलिंगी आहोत व शांतपणे बसू असे सांगावयाचे आणि पेय मागावयाचे, एवढाच त्यांचा बेत होता. पहिली जागा बंद आढळली. पुढील दोन ठिकाणी त्यांना पेय मिळाले. म्हणजे निषेधाचा हेतू बाजूलाच राहिला! अखेरीस, रँडी विकर हे चौथे सहकारी मिळाल्यावर, ते वेस्ट १० व्या रस्त्यावरील ‘ज्युलियस’ या जुन्या मद्यगृहात गेले. तेथील नोकराने पेला पुढे ठेवला आणि ते कोण आहेत हे कळताच त्यावर आपला हात झाकला. त्या क्षणाचे छायाचित्र आज इतिहासाचा भाग झाले आहे. पुढे प्राधिकरणाने अशा ग्राहकांस पेय देऊ नये असा आपला नियमच नाही असे सांगितले, आणि नंतरच्या न्यायालयीन निर्णयांमुळे केवळ या कारणावरून परवाना काढून घेणे अवघड झाले.

तथापि त्रास संपला नाही. ख्रिस्तोफर रस्त्यावरील ‘स्टोनवॉल इन’ हे मद्यगृह गुन्हेगारी टोळीच्या ताब्यात होते. तेथे परवाना नव्हता, मद्य पातळ केलेले असे आणि पेले धुण्यास नळाचे पाणीही नव्हते. तरीही माणसे तेथे जात. कारण एकमेकांबरोबर नाचता येईल अशा जागाच थोड्या होत्या. २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी तेथे छापा घातला, तेव्हा जमावाने प्रतिकार केला आणि पुढे अनेक रात्री त्या परिसरात निदर्शने चालू राहिली. वर्षभराने, २८ जून १९७० रोजी, त्या घटनेच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कमध्ये पहिली मिरवणूक निघाली. आज जगभर जून महिन्यात निघणाऱ्या मिरवणुकांचे मूळ येथे आहे.

परिसराची ओळख

प्रतिनिधीने एक संध्याकाळ ग्रीनिच व्हिलेज या भागासाठी राखून ठेवावी. भुयारी रेल्वेची १ क्रमांकाची गाडी ख्रिस्तोफर रस्त्याच्या स्थानकावर सोडते. स्थानकाबाहेर येताच ख्रिस्तोफर पार्क हे लहानसे त्रिकोणी उद्यान लागते. तेथे शिल्पकार जॉर्ज सीगल यांनी घडविलेल्या चार शुभ्र आकृती आहेत. दोन पुरुष उभे आहेत व दोन स्त्रिया बाकावर बसल्या आहेत. हे शिल्प १९८० साली तयार झाले होते. पण ते प्रत्यक्ष येथे बसविण्यास १९९२ साल उजाडले. हा परिसर २४ जून २०१६ रोजी अमेरिकेचे राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला. समोरच ‘स्टोनवॉल इन’ आहे. मूळ मद्यगृह १९६९ सालीच बंद पडले होते; त्याच नावाने आज चालणारे मद्यगृह नंतरच्या काळातील आहे, हे ध्यानात ठेवावे.

तेथून काही पावलांवर ‘ज्युलियस’ आहे. ज्या जागी पेल्यावर हात ठेवला गेला, त्या जागेस २०२२ साली न्यूयॉर्क महानगराने संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. ग्रोव्ह रस्त्यावरील ‘मेरीज क्रायसिस’ या तळघरातील जागेत पियानोभोवती जमून लोक नाटकांतील गाणी सामुदायिकपणे गातात. आपल्याकडील नाट्यसंगीताच्या बैठकीची गोडी असणाऱ्यास येथे परके वाटणार नाही. स्त्रियांसाठी ‘कबीहोल’ व ‘हेन्रिएटा हडसन’ या जागा प्रसिद्ध आहेत. उत्तरेस चेल्सी व हेल्स किचन हे दोन भाग असून, हेल्स किचनमधील नवव्या मार्गावर भोजनगृहे व मद्यगृहे अगदी लागून आहेत.

ज्यांना मद्यगृहात जावयाचे नाही त्यांनी वेस्ट १३ व्या रस्त्यावरील समाजकेंद्र अवश्य पाहावे. हे केंद्र १९८३ पासून कार्य करीत आहे. जवळच एड्सने मृत्यू पावलेल्यांचे स्मारक आहे. ते १ डिसेंबर २०१६ रोजी, जागतिक एड्स दिनी, लोकांस अर्पण करण्यात आले. त्याच्या शेजारी पूर्वी जे रुग्णालय होते, तेथे त्या रोगाच्या आरंभीच्या भीषण काळात असंख्य तरुणांवर उपचार झाले. रात्रीच्या करमणुकीचा हा परिसर स्मशानशांततेचाही साक्षी आहे, हे तेथे उभे राहिल्यावर उमगते.

भोजनाविषयी काही सूचना

(१) देयकातील रक्कम पदार्थांच्या यादीतील किमतीपेक्षा जास्त येते, कारण न्यूयॉर्क शहरात त्यावर ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो. याशिवाय वाढप्यास १८ ते २० टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे. ही तेथे मेहेरबानी समजली जात नाही. वाढप्याच्या मिळकतीचा तो मोठा भाग असतो. कराची रक्कम दुप्पट केली की बक्षिसीचा अंदाज सहज येतो. मद्यगृहात दर पेल्यामागे एक-दोन डॉलर ठेवतात.

(२) प्रत्येक उपाहारगृहाच्या दर्शनी भागी आरोग्य खात्याने दिलेली ए, बी किंवा सी ही श्रेणी लावलेली दिसते. स्वच्छतेच्या तपासणीवरून ती ठरते. ही पद्धत २०१० साली सुरू झाली. आपल्या नगरपालिकांच्या आरोग्य निरीक्षकांनी अभ्यासावी अशी ही सोपी युक्ती आहे. ग्राहकाला दारातच माहिती मिळते.

(३) शाकाहारी व्यक्तींनी केवळ ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबू नये. त्यात अंडे चालते असे तेथे मानतात आणि भाज्यांच्या सारातही मांसाचे पाणी असू शकते. ‘व्हीगन’ असे विचारल्यास अंडे, दूध व तूप हे सर्वच वगळले जाते. हॅम्बर्गर साधारणतः गोमांसाचा असतो, हेही ध्यानात असावे. साधे पाणी मात्र मागितल्यास विनामूल्य मिळते.

(४) खर्च बेताचा ठेवावयाचा असल्यास पिझ्झाचा एक तुकडा उभ्याने खाणे ही या शहराची खास रीत होय. लेक्झिंग्टन मार्गावर २८ व्या रस्त्याच्या आसपास भारतीय भोजनगृहे आहेत; दिवसभर भाषणे ऐकून थकलेल्या जिवाला तेथील डोसा आधार देतो.

जॅक्सन हाइट्स : दोन ओळखींचा संगम

मराठी प्रवाशाने क्वीन्स विभागातील जॅक्सन हाइट्स चुकवू नये. टाइम्स स्क्वेअर येथून ७ क्रमांकाची गाडी ७४ व्या रस्त्यावर नेते. उतरताच भारतीय, बांगलादेशी व नेपाळी दुकाने, मिठाई, साड्या आणि पटेल ब्रदर्सचे मोठे किराणा दुकान दृष्टीस पडते. त्याच वस्तीत रूझवेल्ट मार्गावर लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांची समलिंगी मद्यगृहे रात्री उशिरापर्यंत चालतात.

या वस्तीत २ जुलै १९९० रोजी हुलिओ रिव्हेरा या तरुणाची, तो समलिंगी असल्याच्या द्वेषातून, एका शाळेच्या मैदानात हत्या झाली. त्या दुःखातून रहिवासी संघटित झाले आणि जून १९९३ मध्ये क्वीन्सची पहिली मिरवणूक याच वस्तीतून निघाली. ज्यांना आपल्या देशात व आपल्या भाषेत स्वतःविषयी बोलता आले नव्हते, अशा अनेक स्थलांतरितांना येथे घरचे जेवण आणि मनमोकळा सहवास ही दोन्ही एकाच रस्त्यावर मिळाली. एरवी माणसाला बहुधा या दोहोंतून एकाची निवड करावी लागते.

रात्री बाळगावयाची दक्षता

मद्यपानासाठी वयोमर्यादा २१ वर्षे आहे आणि केस पिकलेल्या माणसासही ओळखपत्र विचारले जाऊ शकते. त्यात अपमान मानू नये. परदेशी प्रवाशाचे पारपत्र हेच ग्राह्य ओळखपत्र होय. शहरात पहाटे चार वाजेपर्यंत मद्य देण्यास परवानगी आहे. भुयारी रेल्वे रात्रभर चालते. मद्य न घेणाऱ्याने सोडा व लिंबू मागावे. कोणी आग्रह करीत नाही. आपला पेला नजरेआड होऊ देऊ नये, अनोळखी व्यक्तीबरोबर जाताना सोबत्यांस सांगून जावे आणि समोरच्याचा नकार हा पूर्ण नकारच समजावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना छायाचित्रांविषयी आहे. कोणाचेही छायाचित्र त्याच्या संमतीवाचून घेऊ नये आणि घेतलेले प्रसिद्ध करू नये. परिषदेत मोकळेपणी हसणारी व्यक्ती आपल्या गावी घरच्यांपासून हे सारे लपवून राहत असेल. आपल्यासाठी जी एक आठवण आहे, ती तिच्यासाठी नोकरी, घर किंवा जीव गमावण्याचे निमित्त ठरू शकते.

आपल्यासाठी बोध

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात याच न्यूयॉर्क नगरीत कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी जो प्रश्न उभा केला, तो वरवर पाहता पाण्याचा, पण मुळात सार्वजनिक जागेवरील समान हक्काचा होता. आपल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदातील दुसरा खंड दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीची स्थाने यांतील प्रवेश धर्म, जात, लिंग इत्यादी कारणांवरून नाकारण्यास प्रतिबंध करतो. भोजन व करमणूक यांचा उल्लेख संविधानकारांनी उगीच केलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींच्या स्वतःची लिंग-ओळख ठरविण्याच्या हक्कास मान्यता दिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, आणि लिंगाधारित भेदभावाच्या मनाईत लैंगिक कलाचाही समावेश होतो असा विचार मांडला. २०१९ साली संसदेने संमत केलेल्या अधिनियमात पारलिंगी व्यक्तींस सार्वजनिक सेवा नाकारण्यास मनाई करण्यात आली. समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारले.

कायदा एवढे करतो. उरलेले काम आपले आहे. बारशाला व लग्नाला तृतीयपंथीयांचा आशीर्वाद आपण घेतो, दक्षिणाही देतो. पण जेवणाचे पान त्यांना बहुधा अंगणाच्या कडेला वाढतो. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे वाढणे हे आपल्या आजी-आजोबांनीही पाप मानले होते. न्यूयॉर्कच्या त्या तिघांनी १९६६ साली जे मागितले, ते यापेक्षा निराळे नव्हते.

विचारार्थ प्रश्न

१. ‘बेशिस्त’ यासारखा संदिग्ध शब्द नियमात असल्यास त्याचा गैरवापर कसा होऊ शकतो? आपल्या परिचयातील असा एखादा शब्द सांगा.

२. उपाहारगृहातील सेवा नाकारणे हा मालकाचा खाजगी निर्णय मानता येईल काय? संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाच्या आधारे चर्चा करा.

३. आपल्या गावातील गेल्या एखाद्या कार्यात पंगतीबाहेर कोणाला बसविले गेले होते, ते आठवा. पुढच्या वेळी त्यांचे पान कोठे मांडाल?