उजाडायच्या आधी मोजा: शेतातल्या घराच्या बॅटरी बँकेची देखरेख

दुसरबीडच्या शिवारात, गावापासून आत, शेतातच घर करून राहणाऱ्या कुटुंबाची रात्र ज्या सौर संचावर निघू शकते तो साधारण असा: छपरावर पॅनल, भिंतीला चार्ज कंट्रोलर, खाली इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून केलेली २४ व्होल्टची बँक. दिवे, पंखा, मोबाईल, टीव्ही आणि रोही-रानडुकरांसाठी कुंपणाची झटका मशीन. सरकारी योजनेतल्या सौर कृषिपंपाचा इथे उपयोग नाही. त्याला बॅटरी नसते, ऊन उतरलं की तो थांबतो. पॅनल वीस-पंचवीस वर्षं चालतं. बॅटरी जपली तर पाच-सात वर्षं जाते, दुर्लक्ष झालं तर दोन वर्षांत भंगारात निघते. ती एका रात्रीत मरत नाही. रोज थोडी अर्धपोटी राहते, शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो, आणि हे सगळं महिनोन्महिने व्होल्टच्या आकड्यात दिसत असतं. तो आकडा बघायला काही शे रुपयांचा मल्टिमीटर आणि एक वही पुरते.

इन्व्हर्टरवरच्या चार हिरव्या काड्यांवर विसंबू नका. त्या काड्या चालू लोडवरच्या व्होल्टवरून ठरतात. पंखा बंद केला की एक काडी वाढते, लावला की उतरते. बॅटरीत खरोखर किती शिल्लक आहे ते त्यांना कळत नाही.

आधी मीटर तयार करा. काळी वायर ‘कॉम’च्या खाचेत, लाल वायर व्होल्ट-ओहमच्या खाचेत. एकेका बॅटरीसाठी डीसी २० व्होल्टचा टप्पा ठेवा, म्हणजे दशांशानंतर दोन आकडे दिसतात. पूर्ण बँकेसाठी २०० चा टप्पा लागतो आणि तिथे एकच दशांश दिसतो. लाल वायर चुकून १० अँपिअरच्या खाचेत राहिली आणि टोकं बॅटरीला टेकली, तर मीटरमधून थेट शॉर्ट होतो. मीटर जळतो, हातही भाजू शकतो. म्हणून टोक लावण्याआधी दरवेळी खाच डोळ्यांनी बघायची, सवयीवर सोडायची नाही. मीटरच्या आतली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी उतरली की स्वस्त मीटर खऱ्यापेक्षा जास्त व्होल्ट दाखवतात. आकडे एकाएकी चांगले दिसायला लागले तर आनंद मानण्याआधी ती बदला.

बॅटरीपाशी जाताना अंगठी, कडं, साखळी काढा. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिथे बिडी-काडी नाही, देवघराचा दिवा नाही, आणि बॅटरी बंद कपाटात तर मुळीच नाही. आम्ल सांडलं तर खायचा सोडा टाका. डोळ्यात उडालं तर लगेच साध्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा.

आता वेळ. याच मुद्द्यावर बहुतेक मोजणी फसते. मोटार चालू असताना विहिरीची पातळी मोजली तर खालची दिसते, मोटार थांबल्यावर पाणी वर येतं. बॅटरीचंही तसंच. लोड चालू असताना व्होल्ट खाली दबतो. उन्हात चार्ज होताना तो खोटा वर चढलेला असतो. संध्याकाळी सात वाजता दिसणारे १३ व्होल्ट हे भरलेपण नव्हे, प्लेटांच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता चढ आहे. मोजायची वेळ पहाटेची, उजाडायच्या आधी, पॅनलचा करंट सुरू होण्यापूर्वी. इन्व्हर्टर बंद करा, झटका मशीन बंद करा आणि बॅटरीला अर्धा तास तरी निवांत राहू द्या. रात्रभर लोड नसेल तर आणखी चांगलं. रोज हीच वेळ ठेवा. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या आकड्यांची तुलना होत नाही.

मोजायचं ते बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर. कंट्रोलरच्या स्क्रूवर नाही, वायरच्या टोकाच्या कडीवर, म्हणजे लगवरही नाही. पहिल्या बॅटरीच्या प्लसला लाल, मायनसला काळं टोक, आकडा लिहा. मग दुसरी बॅटरी. शेवटी दोन्ही मिळून. बेरीज जुळली तर मोजणी बरोबर.

आकडा वाचताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळीकडे फिरणारा तक्ता सांगतो की भरलेली बॅटरी म्हणजे १२.७ व्होल्ट. तो तक्ता गाडीच्या बॅटरीचा, जिच्या आम्लाची घनता १.२६० ते १.२८० असते. आपल्याकडच्या घरगुती ट्युब्युलर बॅटऱ्यांत आम्ल सहसा १.२४० च्या आसपास ठेवलेलं असतं, २७ अंश सेल्सिअसला. निवांत सेलचा व्होल्ट म्हणजे अंदाजे घनता अधिक ०.८४. तेव्हा १.२४० घनतेच्या सेलचे २.०८ व्होल्ट, आणि सहा सेलच्या बॅटरीचे साधारण १२.५. १२.७ ची वाट बघत चांगली बॅटरी उतरली आहे असं समजायचं कारण नाही. अशा बॅटरीसाठी ढोबळ हिशेब असा धरा: १२.५ म्हणजे भरलेली, १२.३ म्हणजे पाऊण, १२.१ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे पाव. २४ व्होल्टच्या बँकेला याच्या दुप्पट: २५.०, २४.६, २४.२, २३.८. त्याहूनही भरवशाचा तुमच्याच बॅटरीचा आकडा. बॅटरी नवी असताना दोन-तीन कडक उन्हाच्या दिवसांनी पूर्ण भरू द्या, एक रात्र लोड न लावता ठेवा, पहाटे मोजा आणि तो आकडा तारखेसह बॅटरीच्या अंगावर मार्करने लिहा. पुढची सगळी वर्षं याच आकड्याशी ताडून बघायचं.

इन्व्हर्टर बहुधा एका बॅटरीमागे १०.५ व्होल्टच्या आसपास बंद पडतो. ती इन्व्हर्टरची शेवटची हद्द. तिथपर्यंत रोज जाणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य जाळणं. तुमची हद्द पहाटेचे १२.१ ठेवा.

यानंतर दोन्ही बॅटऱ्यांतला फरक बघा. निवांत असताना ०.०५ चा फरक चालतो. ०.१ च्या पुढे गेला की लक्ष ठेवा, ०.२ झाला की काम काढा. एक बॅटरी दुसरीपेक्षा सुमारे २ व्होल्टने खाली दिसत असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर तिचा एक सेल शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी.

फरकाचं एक कारण आवर्जून शोधा. २४ व्होल्टच्या बँकेत झटका मशीन १२ व्होल्टची असते, म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून तिची वायर काढली जाते. अगदी सोपं वाटतं आणि त्यातच बँक मरते. मशीनने अर्धा अँपिअर जरी घेतला तरी बारा तासांच्या रात्रीत ६ अँपिअर-तास होतात, महिन्याला १८०. म्हणजे बॅटरीच्या सगळ्या क्षमतेपेक्षा जास्त ओढ एकाच बॅटरीवर. सकाळी चार्जिंग मात्र दोघींना सारखं मिळतं. कंट्रोलरला एकूण २८.८ व्होल्ट दिसले की तो समजतो काम झालं. प्रत्यक्षात एकीवर १५ आणि दुसरीवर १३.८ असू शकतात. पहिलीचं पाणी उकळून आटतं, दुसरी कधीच भरत नाही. उपाय दोन: २४ चे १२ करणारा डीसी कन्व्हर्टर लावा, किंवा झटका मशीनला तिची स्वतंत्र छोटी बॅटरी आणि छोटं पॅनल द्या. मागे पडलेली बॅटरी एकदा सुटी करून १२ व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि मगच परत जोडा. सुटी करताना आधी पॅनलची वायर काढा, मग बॅटरीची. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. बहुतेक कंट्रोलरना उलटा क्रम सोसत नाही.

महिन्यातून एकदा लोडवर मोजा. पंखा आणि सगळे दिवे दहा मिनिटं चालू ठेवा आणि दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट घ्या. जी जास्त दबते ती अशक्त. त्याच लोडवर एक टोक टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरं त्याच टर्मिनलच्या लगवर टेकवा. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. ०.१ व्होल्ट दिसला तरी जोड खराब आहे: पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्यात सोडा घालून धुवा, पुसून कोरडं करा, पान्याने घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा.

दुपारचं मोजमापही महिन्यातून एकदा हवं. चांगलं ऊन असताना, दोनच्या सुमारास, बँक २८.८ पर्यंत चढते का ते बघा. न चढली तर पॅनलवरची धूळ पुसा, झाडाची सावली बघा, दिवसाचा लोड तपासा. उन्हाळ्यात हिशेब बदलतो. बॅटरी तापली की तिला कमी व्होल्ट लागतो, दर सेलला दर अंशामागे साधारण ४ मिलिव्होल्ट. मे महिन्यात पत्र्याखालची बॅटरी ४२ अंशांवर गेली तर २७ च्या वर पंधरा अंश. एका बॅटरीला ०.३६ व्होल्ट कमी, म्हणजे १४.४ ऐवजी सुमारे १४. कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर असेल तर त्याची वायर बॅटरीच्या अंगाला चिकटलेली आहे याची खात्री करा. नसेल तर बॅटरी पत्र्याखालून काढून मातीच्या भिंतीच्या सावलीत, हवेशीर जागी आणा.

व्होल्ट शंका दाखवतो, खात्री हायड्रोमीटर करतो. सहाही सेलची घनता घ्या. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने खाली असेल तर दोष तिथे. २७ अंशांच्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवा, म्हणजे ४२ अंशांना साधारण ०.०१०. पाणी डिस्टिलच, चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंत. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या झाकतील एवढं आधी घाला, चार्ज करा, मग उरलेलं. बोअरचं पाणी नाही आणि आम्ल तर कधीच नाही.

वहीत पाच रकाने: तारीख, पहिली बॅटरी, दुसरी बॅटरी, काल ऊन कसं होतं, रात्री काय चाललं. रोज जमलं नाही तर आठवड्यातून दोनदा, पण पहाटेच. दोन बॅटऱ्यांत मिळून ३.६ युनिट असतात, वापरायचे त्यातले निम्मे, १.८. जुना ७५ वॅटचा पंखा आठ तासांत ०.६ युनिट खातो. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, त्याचं पाव युनिटही होत नाही. पहाटे २४.२ च्या खाली आकडा आला तर त्या रात्री टीव्ही नाही. २३.८ आला तर फक्त दिवे आणि झटका मशीन. आषाढ-श्रावणात झड लागून ओळीने तीन पहाटा २४.४ च्या वर आकडा जात नसेल, तर ऊन निघायची वाट बघत बसू नका. गावात वीज असलेल्या ठिकाणी एकेक बॅटरी नेऊन पूर्ण भरून आणा. आठवडेच्या आठवडे अर्धी राहिलेली बॅटरी नंतर पूर्ण भरणं कठीण जातं.

लिथियम फॉस्फेटची बॅटरी असेल तर यातलं बरंचसं लागू नाही. तिचा व्होल्ट मधल्या मोठ्या टप्प्यात १३.२-१३.३ च्या आसपास जवळजवळ हलत नाही. तिच्यासाठी अँपिअर-तास मोजणारा शंट मीटर लावा.

आणि बॅटरी शेवटी गेलीच, तर एकट्या नव्या बॅटरीची जुनीशी जोडी लावू नका. जुनी नवीलाही मागे ओढते. दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या घ्या. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराला परत द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे, आणि शिशाचे पैसेही नव्या बिलातून वजा होतात. शेतात फोडून आम्ल बांधावर ओतलं तर शिसं मातीत आणि विहिरीत उतरतं.