वाफ : शब्द एक, कामे अनेक



पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते व त्याची वाफ होते, हे आपण विज्ञानात शिकलो. पण हा शब्द घरीदारी किती रूपांनी येतो ते पाहा. सर्दी झाली की आजी वाफारा देते. मोदक वाफवतात. न ऐकणाऱ्याला सांगणे म्हणजे तोंडची वाफ दवडणे. पाऊस उघडल्यावर रान ना चिखल ना कोरडे झाले, की वाफसा आला. आपल्याकडे वापसा म्हणतात. मगच तिफण धरायची.

आपल्या हट्टा भागात हळद होते. पूर्वी ती कढईत पाण्यात उकळत. आता बरेच जण मोठ्या कुकरात वाफेवर शिजवतात. हळद लवकर शिजते, सरपणही वाचते.

शिमग्याच्या सुमारास आमची हळद शिजत होती. मी वाफेच्या नळीच्या तोंडाशी हात नेला. तिथे काहीच दिसत नव्हते, तरी हात भाजला! बाबा ओरडले, "अगं, वाफ दिसत नसती, पण पोळती!"

बाईंनी मग समजावले. पांढरे दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ अदृश्य असते. १ ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त भाजते.

तेव्हा भाताच्या झाकणाची पलीकडची कड आधी उचला. भाजलेच तर २० मिनिटे गार पाणी सोडा, टूथपेस्ट लावू नका. माझ्या हातावरचा डाग पाहा आणि लक्षात ठेवा!

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी