पेंडीत भेसळ निघाली तर: दाव्याचा खर्च किती, पुरावा कोणता?

तळेगाव दाभाडे असो की मावळातलं एखादं आडगाव, चार गाईंच्या गोठ्यात सर्वांत जास्त पैसा जातो तो खाद्यात. नवी गोणी फोडली आणि दोन दिवसांत गाईनं गव्हाणीकडे पाठ फिरवली, दूध घटलं, की आपण दुकानदाराशी भांडतो आणि गोणी बदलून आणतो. बदललेल्या गोणीबरोबर पुरावाही जातो. कायद्याची वाट स्वस्त आहे. पुरावा मात्र त्याच दिवशी जपावा लागतो.

घरची तपासणी: खर्च शून्य
काचेच्या ग्लासात पाणी घ्या, मूठभर पेंड टाकून ढवळा आणि अर्धा तास ठेवा. वाळू-माती तळाशी बसते, भाताचं तूस वर तरंगतं. कोंडा पेंडीत असतोच, पण तूस ही निव्वळ भर. इंद्रायणी पिकवणाऱ्या माणसाला ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. यावर दावा सिद्ध होत नाही, पण पुढे जायचं की नाही हे ठरवता येतं.

पुरावा: एका गोणीची किंमत
• बॅच क्रमांकासह पक्की पावती.
• लेबलचे स्पष्ट फोटो: प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, वाळू-सिलिका यांची टक्केवारी, आयएसआय चिन्ह असल्यास तेही. रिकामं बारदानही ठेवा.
• त्याच बॅचची एक न फोडलेली गोणी, कोरड्या जागी.
• डेअरीच्या दूध संकलनाच्या आधीच्या आणि नंतरच्या १५ दिवसांच्या पावत्या. दूध किती घटलं हे त्यातूनच दिसतं.
• पशुवैद्यकाचा उपचाराचा कागद. जनावर दगावलं तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या.

ग्राहक आयोग: बहुतेकांना शुल्क नाही
२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार शुल्क ठरतं ते मोजलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही.
• ५ लाखांपर्यंत: शून्य
• ५ ते १० लाख: २०० रुपये
• १० ते २० लाख: ४०० रुपये
• २० ते ५० लाख: १,००० रुपये

समजा, १,६०० रुपयांच्या ४० गोण्या घेतल्या. ६४,००० रुपये झाले. गाय दगावली म्हणून दोन लाखांची भरपाई मागितली तरी शुल्क शून्यच.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुणे जिल्हा आयोगात करता येते, ऑनलाइनही. मुदत २ वर्षं. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करा. आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. अहवालासाठी ४५ दिवस असतात. तपासणीचं शुल्क तक्रारदाराला भरावं लागू शकतं, म्हणून आधी स्वतः महागडी चाचणी करू नका.

वकील: सक्ती नाही
स्वतः बाजू मांडता येते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असणाऱ्यांना मोफत कायदेशीर मदत मिळते. तिची चौकशी वडगाव मावळच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे करा.

‘तुम्ही दूध विकता, ग्राहक कसले?’
हे ऐकून मागे फिरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी हेतूत मोडत नाही, असं कायदाच सांगतो. बियाण्यांच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये शेतकरी हा ग्राहकच असल्याचं स्पष्ट केलं. मात्र पगारी माणसं ठेवून चालवलेल्या मोठ्या गोठ्याला हा आधार मिळेलच असं नाही.

बाकीची दारं
२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातल्या ‘अन्न’ या व्याख्येत पशुखाद्य येत नाही, तेव्हा त्या कायद्याखाली तक्रार करण्यात दिवस घालवू नका. आयएसआय चिन्ह खोटं वाटलं तर भारतीय मानक ब्युरोला कळवा. जाणूनबुजून फसवणूक झाली असेल तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार द्या. सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. यांतल्या कशालाही तक्रार शुल्क नाही.

उद्या पेंड आणायला जाल तेव्हा दुकानदाराकडून पावतीवर बॅच क्रमांक लिहून घ्या. तो मागायला पैसे पडत नाहीत, आणि दावा उभा राहतो तो त्याच्याच आधारावर.