जुन्या सस्पेन्शन सेटमधली समोरची स्प्रिंग कोणती, मागची कोणती?

कालच्या व्हिडिओत चार स्प्रिंगा टेबलावर मांडून दाखवल्या, पण मापांचा भाग घाईत उरकला. तो इथे निवांत लिहितो. जुन्या स्पेअर पार्टचा धंदा डोक्यात असेल तर वही-पेन घेऊनच बसा.

आधी माझी फजिती. बोरी अरबला दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. एका भंगारवाल्याकडून एका छोट्या कारचा 'पूर्ण सेट' घेतला. चार स्प्रिंगा, एका पोत्यात, ३,००० रुपयांत. दोन उंच, दोन बुटक्या. मी मनाशी ठरवून टाकलं, इंजिन समोर असतं, वजन समोर जास्त, म्हणजे उंच स्प्रिंगा समोरच्या. त्या जोडीचे २,४०० घेतले आणि खूश झालो.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाने दारव्ह्याच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. मिस्त्रीने दोन्ही बाजूंचे शॉकअप उतरवले, जुन्या स्प्रिंगा काढल्या, माझ्यावाल्या बसवायला गेला, तर त्या शॉकअपवरून खालीच उतरेनात. फोन आला, "दादा, काय देलं हो हे? हे तं मागचं व्हय!" त्यांना संध्याकाळी यवतमाळला पेशंट न्यायचा होता आणि गाडी जॅकवर. मी पैसे परत केले, मिस्त्रीची १,२०० मजुरी दिली आणि भाड्याच्या गाडीचे १,५०० पण दिले. म्हणजे ३,००० चा माल तसाच पडून आणि वरून २,७०० खिशातून. पैशाचं जाऊ द्या, आपल्यासारख्या गावात ही गोष्ट रात्रीपर्यंत चहाच्या टपरीवर पोहोचते. पुढचे दोन महिने जुना पार्ट मागायला कोणी आलं नाही.

चूक कुठे झाली? मी उंचीवरून ओळखायला गेलो. सुट्या स्प्रिंगची उंची काहीच सांगत नाही. मऊ स्प्रिंग उंच असते आणि वजनाखाली खूप दबते, ताठ स्प्रिंग बुटकी असून तेवढंच वजन पेलते. रंगावरूनही ओळखू नका. तारेवरचे रंगाचे ठिपके ही त्या त्या कंपनीची खूण असते, आणि जुन्या मालावर ते उडालेले किंवा कोणीतरी स्प्रे मारून झाकलेले असतात.

मग बघायचं काय? पहिलं बघा, तिच्या आतून शॉकअप जातो का. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना समोर मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग शॉकअपच्या अंगावरच चढलेली असते. त्यामुळे तिचा आतला गाळा शॉकअपच्या नळीपेक्षा मोठाच लागतो. स्विफ्ट किंवा जुनी वॅगनआर घ्या, मागे स्प्रिंग वेगळी बसते आणि शॉकअप वेगळा. आतून काही जायचंच नसल्यामुळे अशा मागच्या स्प्रिंगचं टोक आत वळून लहान झालेलं असू शकतं, किंवा ती मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळती असू शकते. टोकाचा वेढा शॉकअपपेक्षा लहान दिसला की ती समोरची नाही, विषय संपला.

पण हेच उलटं लावू नका. आतून शॉकअप जातो म्हणजे समोरचीच, असं नाही. टाटा इंडिकाला मागेसुद्धा स्प्रिंग शॉकअपवरच असते. आणि कोणी बोलेरो किंवा ओम्नीची 'मागची स्प्रिंग' म्हणून गोल स्प्रिंग विकत असेल तर हसून पुढे चला, त्या गाड्यांना मागे पाटे असतात.

दुसरं, तारेची जाडी. व्हर्नियर घ्या, गंज आणि रंग खरवडा, तीन ठिकाणी मोजा. जोडीतल्या दोन्ही स्प्रिंगा मोजा. एक मिलिमीटरने काय होतं असं वाटेल, पण स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ चा चौथा घात २०,७३६ आणि १३ चा २८,५६१. म्हणजे वेढे आणि घेर तेच असतील तर १३ मिमीची स्प्रिंग जवळपास ३८ टक्के जास्त ताठ! वेढे वाढले की स्प्रिंग मऊ होते, घेर वाढला तर आणखीच मऊ. म्हणून वहीत चार आकडे लिहायचे: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे, सुटी उंची. एकट्या जाडीवरून मात्र समोर-मागे ठरवू नका. मागची स्प्रिंग ॲक्सलच्या पुढे बसवलेली असेल तर तिच्यावर चाकावरच्या वजनापेक्षा जास्त भार येतो, म्हणून तीही जाड असू शकते.

हे चार आकडे मिळाले तरी अर्धंच काम झालं. एकाच मॉडेलची डिझेल गाडी समोर पेट्रोलपेक्षा जड असते, म्हणून समोरची स्प्रिंगसुद्धा वेगळी येऊ शकते. पेट्रोलची डिझेलला लावली तर बसेल, पण गाडीचं नाक खाली जाईल आणि आपल्याकडच्या काळ्या मातीतल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्ड्याला खालून ठोका ऐकू येईल. तारेवर चिठ्ठी किंवा छापलेला पार्ट नंबर दिसला तर तो सोन्यासारखा समजा. नसेल तर गिऱ्हाईकाचा चेसिस नंबर घेऊन अधिकृत पार्ट काउंटरवर नंबर काढून घ्या, किंवा सरळ सांगा, "भाऊ, जुनी स्प्रिंग काढून आणा, शेजारी ठेवून जुळवू."

माल घेताना शेवटचा वेढा आधी बघायचा. पाणी-चिखल तिथेच साचतो आणि तार तिथेच तुटते. तुटकं टोक कोणी ग्राइंडरने गोल करून ठेवलं असेल तर हात लावू नका. फरशीवर दोन्ही शेजारी उभ्या करा. एक दबलेली दिसली तर जोडी म्हणून घ्यायची नाही.

नव्या पोरांसाठी एक गोष्ट. स्ट्रटवर स्प्रिंग चढलेली असेल तर कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचा नट खोलायचा नाही. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, जीवही जाऊ शकतो. हे काम मिस्त्रीचंच, दुकानात करून बघू नका. "वेढा कापून गाडी खाली बसवून द्या" म्हणणारे पण येतात, मी नाही म्हणतो. गाडीत मनाने असे बदल केले की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येऊ शकतं, शिवाय ती स्प्रिंग परत कोणाला विकताही येत नाही.

आता माझ्या दुकानात पोतं आलं की त्याच दिवशी प्रत्येक स्प्रिंगला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधतो. त्यावर गाडी, वर्ष, पेट्रोल की डिझेल, समोर की मागे, आणि ते चार आकडे. विकणाऱ्याला गाडी कोणती होती हे सांगता आलं नाही तर मी भंगाराच्या किलोच्या भावानेच बोलतो. ज्या स्प्रिंगची खात्री पटली नाही तिच्या बिल्ल्यावर फुली मारतो, आणि ती कितीही चकचकीत असली तरी काउंटरवर येत नाही. त्या पहिल्या चारपैकी दोन अजून मागच्या खोलीत आहेत, कालच्या व्हिडिओत टेबलाच्या डाव्या टोकाला दिसल्या त्याच.