वाटसरूचे सोबती

मोर्शीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, सालबर्डी हे गाव आहे. महाशिवरात्रीस तेथे महादेवाच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात. नवख्या यात्रेकरूला डोंगरातील वाट ठाऊक नसते. अशा वेळी वाट दाखविणारा गावकरी त्याला देवासारखा भेटतो. याच सालबर्डीच्या अरण्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तरुणपणी साधना केली. पुढे १९५५ साली ते विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. प्रवास डोंगरापलीकडचा असो वा समुद्रापलीकडचा, परक्या मुलखात माणसाला माणसाचाच आधार असतो.

जपानमधील शहरांत नवखा मनुष्य सहज गोंधळतो. तेथील बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. वस्तीचे भाग पाडून त्या भागांना व घरांना क्रमांक दिलेले असतात. त्यामुळे हाती पत्ता असूनही घर सापडत नाही. परंतु तेथे ठिकठिकाणी ‘कोबान’ नावाच्या लहान पोलीस चौक्या आहेत. वाटसरूला नकाशा दाखवून मार्ग सांगणे, हे तेथील शिपायाचे नित्याचेच काम होय. शिवाय परदेशी प्रवाशांना विनामूल्य साहाय्य करणारे स्वयंसेवक वाटाडेही त्या देशात आहेत.

जपानच्या शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची यात्रा आहे. ती सुमारे १,२०० किलोमीटरांची असून अनेक जण ती पायी करतात. वाटेवरील लोक या अनोळखी यात्रेकरूंना चहा, अन्न, कधी ‘मिकान’ नावाची संत्र्यासारखी फळे देतात. या प्रथेला ‘ओसेत्ताई’ म्हणतात. देणारा मोबदला घेत नाही. यात्रेकरू आपले नाव लिहिलेली एक चिठ्ठी कृतज्ञतेने त्याच्या हाती ठेवतो. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना भाकरी वाढणारे आपले गावकरी याहून निराळे काय करतात? भाषा वेगळी, वेश वेगळा. पण अंतःकरण एकच!

वाटसरू पुन्हा भेटेल, उपकार फेडील, अशी आशा नसते. म्हणूनच त्याला केलेले साहाय्य निर्मळ असते. त्यासाठी धन लागत नाही, फार विद्याही लागत नाही. मात्र सत्य बोलावे लागते. वाट ठाऊक नसताना अंदाजाने दिशा सांगितली, तर थकलेला मनुष्य आणखी भटकतो. अशा वेळी ‘मला ठाऊक नाही, पण विचारून सांगतो’ असे नम्रपणे म्हणावे आणि जाणत्या माणसाला विचारून द्यावे.

मुलांनो, मोर्शीच्या बसस्थानकावर एखादा प्रवासी तुम्हांला सालबर्डीची वाट विचारील, तेव्हा क्षणभर थांबा. त्याला हा मुलूख कसा वाटला, हे पुष्कळदा तुमच्या त्या एका उत्तरावरून ठरणार आहे.