शेठ ओरडला की तलफ का येते?

प्रश्न : आम्ही मूळचे धुळ्याचे, राहतो सुरतेत लिंबायतला. धाकटा भाऊ पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आहे. गांजा सोडून महिना झाला. पण शेठ ओरडला किंवा पगार लांबला की तळमळतो. ही नाटकं आहेत का?
– एक बहीण

उत्तर : नाही ताई, नाटकं नाहीत. अनेक वर्षं ताण आला की झुरका, असंच चालत आलं. त्यामुळे ताण आला की मेंदू आपोआप गांजाच मागतो. गांजाच्या सवयीच्या माणसांना प्रयोगशाळेत मुद्दाम ताण दिला, तेव्हाही त्यांची तलफ वाढलेली दिसली. सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड, झोपमोड, भूक मंदावणं अनेकांना जाणवतं. गांजातून मिळणारा दिलासा थोडा वेळ टिकतो; ताणाचं कारण तिथंच राहतं.

रात्रपाळी शक्य असेल तर त्यानं काही दिवस टाळावी. अपुरी झोप तलफेला फार बळ देते, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात त्यानं तुम्हाला फोन करावा, चालायला जावं. मिलबाहेरच्या ज्या टपरीवर तो ओढायचा, तो रस्ताच बदलावा. पगाराचा हिशेब तुम्ही दोघांनी मिळून बघा, त्यानं निम्मा भार हलका होईल. तलफ घालवणारी खात्रीची गोळी अजून नाही. समुपदेशनाचा मात्र चांगला उपयोग होतो. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला न्या. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. पुन्हा एकदा ओढलाच, तर घरात त्याला घालूनपाडून बोलू नका. ती बोलणीही ताणच असतात.